सुट्टी संपायच्या आत: लहान मुलं असलेल्या फौजी घरासाठी

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात सुट्टीवर आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. आजही तिथे घरटी कुणी ना कुणी फौजेत असतो किंवा फौजेतून आलेला असतो. सून नवी असली तरी जाऊ सांगते, शेजारच्या काकू सांगतात, सासूबाई तर स्वतः त्यातून गेलेल्या असतात. पण आता कितीतरी घरं वेगळी झाली आहेत. नवरा फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, बायको कराडला भाड्याच्या दोन खोल्यांत, कडेवर वर्षाचं मूल आणि आजूबाजूला फौजेतलं कुणीच नाही. अशा घरात पहिल्यांदा बाप म्हणून सुट्टीवर येणाऱ्या जवानासाठी आणि त्याच्या बायकोसाठी हे लिहिते आहे. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. आमची दोन्ही मुलं त्यांच्या सुट्ट्या मोजतच मोठी झाली.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. सुट्टीतला वेळ मुलांच्या रोजच्या दिवसात घाला. जत्रा, हॉटेल, खेळण्यांचं दुकान हे सगळं करा, पण थोडंच. मुलाची अंघोळ, शाळेची वाट, रात्रीची गोष्ट यांत जो बाप असतो, तो गेल्यावरही त्या घरात राहतो.

आधी दिवसांचा हिशेब

जवानाला वर्षाला 60 दिवसांची ॲन्युअल आणि 30 दिवसांची कॅज्युअल सुट्टी असते. ती तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि कधी मिळेल हे युनिटच्या गरजेवर ठरतं. नव्या सुनेला कागदावरचे दिवस मोठे वाटतात. त्यातून प्रवास वजा करा. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला पोचायला दोन रात्री जातात. पुढे ट्रांझिट कॅम्प (पुढची सोय होईपर्यंत थांबायची छावणी), कॉन्व्हॉयची म्हणजे फौजी गाड्यांच्या ताफ्याची वाट, आणि लेहच्या बाजूला जायचं असेल तर हवामानाची मर्जी. म्हणून तो घरी आला त्याच रात्री, मूल झोपल्यावर, दोघांनी बसून निघायची तारीख पक्की करा. परतीचं तिकीट झालेलं नसेल तर दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच. शिवाय वाटेत एक दिवस हाताशी राहील अशा बेताने निघा.

सुट्टी संपल्यावर उशिरा हजर होणं हा आर्मी ॲक्ट, 1950 च्या कलम 39 खाली गुन्हा आहे. मूल तापाने फणफणलं, गाडी रद्द झाली, घरात काही विपरीत घडलं, तर तारीख उलटायच्या आत युनिटला कळवून मुदत वाढवून मागायची आणि डॉक्टरांचा किंवा रेल्वेचा कागद जपून ठेवायचा. ‘दोन दिवसांनी काय बिघडतंय’ म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांच्या शब्दावर दिवस वाढवू नका. त्याची नोंद त्याच्या कागदावर होते, त्यांच्या नाही.

आणि उलटंही होतं. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा सुट्टीवर आलेल्या कितीतरी जवानांना तातडीने परत बोलावलं गेलं. आपल्याकडच्या काही घरांत तर तेव्हा अंगाची हळदही उतरली नव्हती. म्हणून जे खरंच मनात आहे ते पहिल्या आठवड्यात करून घ्या. जावळ असेल, कुलदैवताचं दर्शन असेल, मुलाचा हुकलेला वाढदिवस असेल, ते शेवटच्या रविवारसाठी राखून ठेवू नका. शेवटचे दिवस जितके साधे आणि मोकळे, तितकं निघणं सोपं जातं.

पहिले तीन-चार दिवस

दारात पाऊल टाकल्या टाकल्या मुलाला उचलून छातीशी धरावंसं वाटणारच. जरा थांबा. सहा-आठ महिन्यांच्या पुढचं मूल अनोळखी चेहऱ्याला बुजतं, आणि हे बुजणं पुढे बरेच महिने राहतं. फोनवर रोज हसणारं लेकरू समोर उभ्या असलेल्या उंच, मिशीवाल्या माणसाला बघून किंचाळतं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. बापाच्या काळजाचं पाणी होतं. यात मुलाचं काही चुकत नाही आणि तुमचंही नाही. फोनच्या काचेत दिसणारा चेहरा आणि हा अख्खा माणूस एकच आहे, हे त्याला अजून जुळवायचं असतं.

काय करायचं ते सांगते. बूट काढा, हातपाय धुवा आणि जमिनीवर बसा. खुर्चीवर नको, जमिनीवर, मुलाच्या उंचीला. आई जिथे बसली आहे तिच्याजवळ. मुलाकडे टक लावून बघू नका, हात पसरून बोलावू नका. त्याच्या वाट्या, चमचे, ठोकळे जे काही पडलं असेल ते घेऊन स्वतःशीच खेळायला लागा. वाटीवर वाटी रचा, पाडा, परत रचा. थोड्या वेळाने ते सरकत जवळ येईल आणि एखादी वाटी तुमच्या हातात देईल. ती घ्या, परत द्या. इतकंच. काही मुलं संध्याकाळपर्यंत मांडीवर येतात, काहींना चार दिवस लागतात. या काळात आजी-आजोबा प्रेमानेच म्हणतात, ‘अरे पप्पा आहेत, जा की’, आणि मुलाला पुढे ढकलतात. त्यांना हळूच थांबवा. येणारे-जाणारे ‘ओळखलं का पप्पांना?’ म्हणून मुलाची परीक्षा घेतात, तीही होऊ देऊ नका.

दुसरा प्रश्न भेटायला येणाऱ्यांचा. फौजी आला की गल्ली येते, भावकी येते, चहाचं आधण खाली उतरत नाही. लोकांची माया खरी असते आणि ती तोडायची नाही. फक्त पहिला पूर्ण दिवस घरच्यांचा, हे आधीच सांगून ठेवा. आणि संध्याकाळ सहा ते नऊ ही वेळ कुणालाच देऊ नका. कॅन्टीनच्या बाटलीच्या आशेने बोलावणारे मित्र नेमकं याच वेळेला बोलावतात. मूल आठ-नऊला झोपतं. ती संध्याकाळ गेली की मुलाच्या बाजूने तो दिवसच गेला.

आई-वडिलांचाही हक्क आहे, तो विसरू नका. वडिलांबरोबर सकाळी शेतावर जा, बांध बघा, मोटर बघा, आणि जाताना मुलाला खांद्यावर घेऊन जा. एकाच फेरीत दोन पिढ्यांना वेळ मिळतो.

रोजच्या दिवसात शिरायचं कसं

बायकोने तिच्या रोजच्या कामांतलं एक काम पूर्णपणे त्याच्या हातात द्यावं. शाळेत सोडणं-आणणं, अंघोळ घालणं, वेणी घालणं, रात्री झोपवणं, यांतलं कुठलंही एक. पूर्णपणे म्हणजे पूर्णपणे. वेणी वाकडी आली तरी सोडून परत घालायची नाही. मुलीला ती वाकडी वेणी मिरवायची असते.

आमच्या घरी हे काम बुटांचं होतं. रात्री जेवणं झाली की हे वर्तमानपत्र अंथरायचे, त्यावर शाळेचे काळे बूट, पॉलिशची डबी, ब्रश आणि जुन्या बनियनचा तुकडा. मुलगी समोर उकिडवी बसायची. आधी लेस काढायची, मग ब्रशने माती झाडायची, मग कापड दोन बोटांना घट्ट गुंडाळून पॉलिशवर टेकवायचं आणि टाचेपासून सुरुवात करून छोटी छोटी वर्तुळं काढत पुढे यायचं. बुटाच्या टोकाशी पोचलं की पाण्याचा एक थेंब आणि परत तीच वर्तुळं. ‘दाबायचं नाही, फिरवायचं’ एवढंच ते म्हणायचे. ती शाळेतल्या गोष्टी त्याच वेळी सांगायची, एरवी विचारलं तर ‘काही नाही झालं’ म्हणणारी. मुलं समोरासमोर बसवलं की गप्प होतात, हात कामात असले की बोलतात. तेव्हा बोलण्यासाठी वेळ काढू नका, हाताला काहीतरी काम काढा. ते गेल्यावर रविवारी रात्री ती स्वतः वर्तमानपत्र अंथरून बसायची. मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

दोन गोष्टी बापाने सांभाळायच्या. पहिली, घरात आलात की परेड ग्राउंड बाहेर ठेवा. सहा महिन्यांनी आलेला माणूस आल्या आल्या उठण्याच्या वेळा, अक्षर, उभं राहण्याची ढब यांवर बोलायला लागला, तर मूल त्याच्या जाण्याचे दिवस मोजायला लागतं. दुसरी याच्या उलट. लाड करताना आईचे नियम मोडू नका. जेवताना मोबाइल नाही, रात्री चॉकलेट नाही, हे तिने वर्षभर एकटीने टिकवलेलं असतं. तुम्ही पंधरा दिवसांत ते उडवून जाता आणि पुढचे दोन महिने तीच वाईट ठरते. काही द्यायचं असेल तर आधी तिला विचारा, आणि मुलांसमोर तिचाच शब्द शेवटचा ठेवा, कारण तुम्ही गेल्यावर तो शेवटचाच असणार आहे.

दहा वर्षांपुढच्या मुलांचं वेगळं. ती गळ्यात पडत नाहीत, आल्या दिवशी ‘कधी जाणार’ असं विचारून मोकळी होतात. त्या प्रश्नात राग असतो आणि भीती असते. खरी तारीख सांगा. मग एकेका मुलाला एकटं घेऊन बाहेर पडा, सायकलचं पंक्चर काढायला, खत आणायला, गाडीचं ऑइल बदलायला. गुणांची चौकशी पहिल्या आठवड्यात नको. वयात आलेल्या मुलीपासून बाप उगाच लांब राहायला लागतात, तसं करू नका. तिच्या मैत्रिणींची नावं माहीत करून घ्या. तेवढ्यावरही ती पुढच्या फोनला दोन वाक्यं जास्त बोलते.

आणि नवरा-बायकोचा वेळ. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. सुट्टीतली एक संपूर्ण दुपार किंवा संध्याकाळ मूल आजीकडे ठेवून दोघंच बाहेर जा. सज्जनगडावर जा, नाहीतर नुसते बसस्टँडवर उसाचा रस प्यायला जा. सासूबाईंनी ही गोष्ट आपणहून सुचवली तर सुनेला ती जन्मभर आठवते.

कागदांचा एक दिवस

हा दिवस सुट्टीच्या मधोमध ठेवा. अगदी शेवटी ठेवलात तर तलाठी रजेवर असतो, बँकेचं सर्व्हर बंद असतं, आणि निरोपाच्या दिवसात मृत्यूच्या गोष्टी काढायला कुणाचा जीव होत नाही.

मुलाचा जन्म युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डरने (जवानाच्या घरच्या बदलांची फौजेतली अधिकृत नोंद) नोंदला गेला आहे का, हे आधी बघा. लग्नाचंही तसंच. ही नोंद झाली नाही तर रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे जवानांचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, लेखी ते मूल नाही, आणि डिपेंडंट कार्ड (घरच्यांचं फौजी ओळखपत्र), मिलिटरी हॉस्पिटलचे उपचार, पुढे पेन्शन, सगळीकडे अडतं. जन्मदाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि फौजेच्या कागदावरचं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. आपल्याकडे घोळ आईच्या नावात होतो. एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. हा घोळ आत्ता निस्तरा. जन्मदाखल्याच्या साक्षांकित प्रती आणि सगळ्यांचा एकत्र फोटो त्याच्या बॅगेत जाऊ द्या. युनिटच्या क्लार्कला लागणारे कागद त्याच्या हाती गेले की कामं लवकर होतात.

नामांकन हा नाजूक विषय आहे. भरती होताना मुलगा एकटा असतो, म्हणून त्या वेळच्या कागदांवर बहुतेक आईचं किंवा वडिलांचं नाव असतं. लग्न आणि मूल झाल्यावर आर्मी ग्रुप इन्शुरन्स, प्रॉव्हिडंट फंड, बँक खातं यांची नावं परत बघावी लागतात. हे बायकोच्या दबावाखाली गुपचूप करू नका आणि आई-वडिलांच्या भीतीने टाळूही नका. सगळ्यांना एकत्र बसवून त्यानेच सांगावं, कुणाला काय आणि का. विमा वाटून देता येतो, आई-वडिलांचा भाग ठेवता येतो. उघड बोललेल्या घरात पुढे भांडणं होत नाहीत. मी दोन्ही प्रकारची घरं पाहिली आहेत आणि म्हणून हे इतकं ठासून सांगते.

शाळेत जाणारं मूल असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला घेऊन ठेवा. दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. 1 जानेवारी 2024 पासून तो दर मुलामागे महिना 2,812.50 रुपये झाला, आणि वर्षाअखेरीस मागणी करायला हा दाखला लागतो.

शेतजमिनीचा दावा चालू असेल तर इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, 1925 वकिलाला दाखवा. जवान विशेष परिस्थितीत सेवा बजावत असताना त्याच्या गैरहजेरीत दावा पुढे रेटला जाऊ नये, यासाठीच तो कायदा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे हे बायकोने एकदा स्वतः जाऊन बघून यावं, नवरा बरोबर असताना. एकटीने पहिल्यांदा सरकारी पायरी चढायला जड जातं.

शेवटी एक वही करा. त्याचा आर्मी नंबर, रँक, युनिटचा पत्ता, क्लार्कचा आणि जवळच्या एका साथीदाराचा फोन, पॉलिसींचे नंबर, गॅसवाला, मोटर दुरुस्त करणारा. ही वही मोबाइलमध्ये नको, कागदावर हवी, आणि घरातल्या दोन माणसांना तिची जागा माहीत हवी.

मुलाला केव्हा सांगायचं

दोन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगा. चार-पाच वर्षांच्याला तीन-चार दिवस आधी. शाळेतल्या मोठ्यांना तारीख पहिल्यापासून माहीत असू द्या.

पाचच्या आतल्या मुलाला ‘तीन महिने’ म्हणजे काहीच कळत नाही. त्याला सण कळतात. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा, त्याला मांडीवर घ्या आणि पानं उलटत सांगा: पप्पा इथे जाणार, मग पोळा येणार, मग गणपती येणार, आरती होणार, मग दसऱ्याला सोनं वाटायचं, आणि मग पप्पांचा नंबर लागतो का बघू. ‘बघू’ हा शब्द ठेवाच. ‘दिवाळीला नक्की येणार’ असं सांगू नका. फराळाच्या डब्यासमोर बसून दाराकडे बघणारं मूल मला माहीत आहे.

कुठे जाणार, याचं उत्तर खरं पण त्याला पेलेल इतकंच द्या. ‘पप्पांचं काम डोंगरात आहे, तिथे खूप थंडी असते, पप्पांचे मित्र बरोबर असतात, सगळे मिळून राखण करतात.’ गोळीबार, दुश्मन, शहीद हे शब्द चार वर्षांच्या मुलासमोर नकोत. मोठा मुलगा ‘तुम्हाला काही होणार नाही ना?’ असं विचारेल. ‘काही होत नाही’ म्हणून उडवू नका. ‘आम्हाला स्वतःला सांभाळायचं शिकवतात, मी ते सगळं पाळतो’ हे खरं आहे आणि त्याला धरून ठेवता येतं.

एका वाक्याची मला मनापासून चीड आहे: ‘आता तूच घरातला कर्ता, आईला सांभाळ.’ सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे ओझं ठेवू नका. तो रात्री कड्या तपासत फिरतो, रडू आलं तरी गिळतो. त्याला त्याच्या वयाचं काम द्या. तुळशीला पाणी घाल, आजोबांचा चष्मा शोधून दे.

ड्युटीवर जाणारी आई असेल तर तयारी आधीपासून लागते. नोव्हेंबर 2023 मध्ये जवान, नौसैनिक आणि हवाई योद्धा असलेल्या महिलांना अधिकाऱ्यांसारखीच प्रसूती रजा आणि बालसंगोपन रजा मंजूर झाली, त्यामुळे पहिले महिने हाताशी असतात. पण अंगावर पिणारं मूल निघायच्या दिवशी तोडायचं नाही. काही आठवडे आधीपासून एकेक वेळ कमी करत या, आणि ती वेळ जो मागे राहणार आहे त्याच्या हातून भरवा, बाप असो की आजी. शेवटच्या आठवड्यात रात्री झोपवायचं काम त्याच माणसाकडे असू द्या. आईने शेजारच्या खोलीत बसून ते ऐकणं फार कठीण असतं, पण तिने थोडं थोडं मागे सरणं हीच त्या बाळाची तयारी असते.

बॅग आणि डबा

मूल झोपल्यावर चोरून बॅग भरायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मला ती पटत नाही. दोन दिवस आधी बॅग बाहेर काढा, उघडी ठेवा आणि मुलाला मदतीला घ्या. मोजे गुंडाळून देणं, साबणाची डबी भरणं त्याला जमतं. त्याच्या हाताचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवा आणि तो कागद वरच्या कप्प्यात घालू द्या. पप्पांचाही पंजा गिरवून घ्या, तो घरी भिंतीवर लावा, मुलाच्या उंचीला. महिन्याने त्याच पंजावर हात ठेवून ते बघतं की आपला केवढा वाढला.

पप्पांच्या आवाजातल्या चार-पाच गोष्टी आईच्या फोनवर भरून घ्या. रोज रात्री सांगत होता त्याच, नवीन नको. मध्येच मुलाचं नाव घेऊन सांगितलेल्या असल्या तर उत्तम.

डब्याचं. गाडीत पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. दशमीचं पीठ दुधात भिजवलं की ती मऊ राहते आणि दोन दिवस टिकते. पाणी लागलेली भाजी नको. युनिटसाठी चिवडा, शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू, साताऱ्याचे कंदी पेढे. पेढे लवकर संपवायचे हे सांगून द्या. हे सगळं जरा जास्तच करा, कारण बॅरेकमध्ये डबा एकट्याचा राहत नाही. मराठा पलटणीत कोल्हापूरचा, बीडचा, रत्नागिरीचा, सगळ्यांचे हात त्यात पडतात, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या घरचा डबा याच्यासमोर उघडतो.

निघायचा दिवस

गाडी रात्रीची असो की पहाटेची, मूल जागं असताना निरोप घ्या. झोपेतून उठवावं लागलं तरी उठवा. ‘दुकानात जाऊन येतो’ म्हणून निसटलेला बाप मुलाला दिवसेंदिवस दारात बसवतो, आणि पुढे आई नुसती गिरणीत निघाली तरी ते किंचाळतं. रडणं होईल, होऊ द्या. खरं सांगून आलेलं रडू तासाभरात ओसरतं.

स्टेशनवर कोण जाणार हे आदल्या दिवशी ठरवा. लहान मुलांचा निरोप घरीच बरा. औक्षण होतं, हातावर दही पडतं, देवाला नमस्कार होतो, मूल आजीच्या कडेवर ओळखीच्या जागेत असतं. प्लॅटफॉर्मवरची गर्दी आणि सुटणारी गाडी त्याच्या अंगावर येते. मोठ्यांना यायचं असेल तर येऊ द्या. निरोप लांबवू नका. एकदा जवळ घ्या, काय ते एक वाक्य सांगा, वळा आणि चालायला लागा. दोनदा परत फिरलात की सगळ्यांचंच कठीण होतं. आणि मुलासमोर तुमचे डोळे भरले तर भरू द्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एक सक्त सूचना बायकोला आणि भावंडांना: त्या दिवशी स्टेटस ठेवायचा नाही. गाडीचं नाव, युनिट, गणवेशातला फोटो, ‘दादा निघाले सीमेवर’, यातलं काहीही नको. सैन्याने 2020 मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप्स फोनमधून काढायला लावली, ती उगाच नाही. त्याने पाळलेला नियम घरच्यांनी मोडला तर त्याला काय अर्थ राहिला?

पहिले पंधरा दिवस

पोचल्याचा फोन येईल, मग काही दिवस कदाचित येणार नाही. उंचावर पोस्टिंग असेल तर शरीराला हवेची सवय करायला टप्पे ठरलेले आहेत: 9,000 फुटांच्या वर पहिल्या टप्प्यात 6 दिवस, पुढच्या दोन टप्प्यांत 4-4 दिवस. या काळात तो कधी या कॅम्पात, कधी त्या कॅम्पात असतो. अनेक चौक्यांवर आता नेटवर्क आलं आहे, पण सगळीकडे नाही. म्हणून ‘रोज रात्री आठला फोन’ असं मुलाला कबूल करू नका. ‘फोन लागला की पप्पा करतील’ एवढंच.

मूल या दिवसांत वेगळं वागेल. अंथरूण ओलं करेल, हट्ट करेल, आईला मारेल, किंवा फोन आल्यावर बोलायचंच नाही म्हणून पळेल. शेवटचं बापाला फार लागतं. फोन त्याच्या कानाला दाबून धरू नका. स्पीकरवर ठेवा आणि मूल खेळत असेल तिथेच बाजूला ठेवून तुम्ही दोघं बोला. ते ऐकत असतं. बापाने ‘काय करतोस, जेवलास का’ यापुढचं काहीतरी विचारावं: त्या लाल ट्रकचं चाक बसलं का, मनीची पिल्लं कुठे गेली. सुट्टीत त्याच्या रोजच्या दिवसात राहिलेल्या बापालाच असे प्रश्न सुचतात. घरात बातम्यांचा चॅनेल मूल झोपल्यावर लावा, आणि आजोबांना तो दिवसभर हवा असेल तर त्यांच्याशी नीट बोला.

फोन नसेल त्या आठवड्यात पत्र लिहा. नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), जे त्याने दिलं असेल ते. गावाचं किंवा चौकीचं नाव लिहायचं नाही, पत्र पोचतं. मुलाने काढलेली रेघोटीसुद्धा आत घाला.

पुढच्या सुट्टीचा अर्ज त्याने टाकला की तो तुम्हाला सांगेल, आणि तुम्हाला लगेच मुलांना सांगावंसं वाटेल. सुट्टी मंजूर होऊन तिकीट हातात येईपर्यंत ते तुमच्या दोघांतच ठेवा. तिकीट झालं की कालनिर्णयवर त्या तारखेला मुलाच्या हातूनच खूण करून घ्या.